घरचा किराणा आणि ऋणमुक्तीची वाट
(मठाच्या वर्धापन-महोत्सवातील व्याख्यान)



मठाच्या प्रांगणातील व्याख्यानाचा विषय भक्तीचा, ज्ञानाचा अथवा वैराग्याचा असावा, ही श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा होय. किराण्याची यादी आणि उधारीची वही हे विषय बाजारपेठेतले. त्यांना व्यासपीठावर स्थान कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात उद्भवेल. परंतु ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी ह्या तिघांचे पोषण गृहस्थाने करावयाचे, असे धर्मशास्त्र सांगते. आणि गृहस्थाश्रमाचा आधार म्हणजे घरची चूल. ज्या चुलीवर कर्जाची सावली पडली, त्या घरी हातात जपमाळ असूनही कान मात्र दारावरच्या थापेकडे लागलेले असतात. देवापुढे बसलेल्या माणसाच्या मनात हप्त्याची तारीख फिरू लागली, की ध्यान कोठले आणि धारणा कोठली? म्हणून पांढुर्णा आणि सौंसर ह्या परिसरातील साध्या कुटुंबाने कर्ज फेडीत असताना महिन्याचा किराणा कसा चालवावा, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसला तरी मुळात तो चित्तशुद्धीचाच प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम स्मरण होते ते बाराव्या शतकातील एका दांपत्याचे. आज बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण हेच त्या काळचे कल्याण नगर. महात्मा बसवेश्वरांच्या भोवती तेथे शरणांचा मेळा जमला होता. त्यात मारय्या आणि त्याची पत्नी लक्कम्मा हे अत्यंत गरीब जोडपे होते. अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणावेत, त्यांचे अन्न शिजवावे, आधी जंगमांना वाढावे आणि मग उरलेले प्रसाद म्हणून सेवन करावे, हे त्यांचे कायक, म्हणजे निष्ठेने स्वीकारलेला उद्योग. वेचलेल्या तांदळाला कानडीत ‘आयदक्की’ म्हणतात. त्यावरून हे दोघेही आयदक्की ह्याच नावाने ओळखले जातात. परंपरा अशी सांगते, की एके दिवशी अंगणात नेहमीपेक्षा अधिक तांदूळ पसरून ठेवण्यात आला आणि मारय्याने तो सगळा भरून घरी आणला. लक्कम्माने ओटी पाहिली आणि तिच्या तत्काळ ध्यानात आले, की आजचे माप रोजचे नाही. नित्याच्या गरजेपेक्षा अधिक आणण्याची ही बुद्धी कोठून आली, असे तिने पतीला विचारले आणि जादा तांदूळ जेथून आणला तेथेच परत टाकून यावयास लावला. मारय्या निमूटपणे परत गेला.

ह्या कथेतील दोन गोष्टी सामान्यतः नजरेआड होतात. पहिली अशी, की लक्कम्माला रोजचे माप ठाऊक होते. किती माणसे जेवणार, किती तांदूळ लागणार, हे तिच्या मनात पक्के नसते तर जादा कोणते आणि पुरेसे कोणते हे तिला कळलेच नसते. दुसरी अशी, की मापाविषयी अंतिम शब्द तिचा होता आणि पतीने तो मानला. अपरिग्रहाची थोर शिकवण ह्या कथेत आहेच. पण त्या शिकवणीच्या मुळाशी स्वयंपाकघरातला हिशेब आहे. आणि हाच हिशेब कर्जबाजारी कुटुंबाच्या हातून प्रथम सुटतो.

आता ह्या भूमीकडे वळावे. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले; हा मराठी मुलूख मात्र मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. राज्याची रेषा कोठूनही गेली असली तरी येथील शेतकऱ्याचा संसार नागपूर-अमरावतीकडील शेतकऱ्याच्या संसाराहून निराळा नाही. कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन आणि संत्री ही येथील पिके. सौंसरजवळच्या बोरगावच्या कारखान्यांमुळे काही घरांत मासिक पगार येऊ लागला, हे खरे. परंतु बहुसंख्य घरांची चूल आजही शेतावर आणि शेतमजुरीवर अवलंबून आहे.

ह्या भागातील कर्जाचे पहिले कारण पंचांगातच सापडते. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या आगेमागे उतरतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. तूर माघ-फाल्गुनात घरी येते. म्हणजे पैसा यावयाचा तो मुख्यतः कार्तिकापासून चैत्रापर्यंत. पोट मात्र बाराही महिने मागते. ज्येष्ठात बी-बियाणे आणि खत, आषाढात मुलांची शाळा, निंदणाची मजुरी आणि पावसाळ्यातील आजार, अशा रीतीने श्रावण येईपर्यंत कोठीतले आणि गाठीचे दोन्ही संपलेले असते. आणि नेमका श्रावणी अमावास्येला पोळा येतो; दुसऱ्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्यामधील गोटमार. लेकीबाळी, जावई, पाहुणे ह्यांनी घर भरते. वर्षातील सर्वांत रित्या पंधरवड्यात वर्षातील सर्वांत भरलेले घर असते. किराणा दुकानाच्या वहीतील सर्वांत लांब पान ह्याच दिवसांचे असते, ह्यात नवल ते काय?

म्हणून पगारदाराप्रमाणे केवळ महिन्याचे अंदाजपत्रक शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही. त्याला वर्षाचे अंदाजपत्रक हवे. संत्र्याचा बगीचा विकला गेला अथवा कापसाची गाडी रिकामी झाली, की त्याच दिवशी आषाढ, श्रावण आणि भाद्रपद ह्या तीन महिन्यांचा किराणा बाजूला निघाला पाहिजे. तूर घरची असेल तर सगळी विकून भाद्रपदात चढ्या भावाने डाळ विकत घेणे म्हणजे स्वतःचाच माल व्यापाऱ्याकडून परत घेणे. पूर्वीच्या गृहिणी वर्षाची डाळ करून, उन्हे देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरीत. उन्हाळ्यात कुरड्या, सांडगे, वड्या करून ठेवीत. ते केवळ हौसेचे काम नव्हते. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे ते त्यांचे अंदाजपत्रक होते, कागदावर न लिहिलेले.

कर्ज हे ह्या प्रदेशाला नवीन नाही. पूर्वी धान्य उसने घेतले तर सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडावे लागे. म्हणजे चार पायल्यांच्या पाच अथवा सहा पायल्या. एका हंगामापुरत्या उसनवारीवर शेकडा पंचवीस ते पन्नास अशी ही वाढ होती. दख्खनेत सावकारीविरुद्धचा असंतोष १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळला, शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले आणि त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. मध्यप्रांतात १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा झाला आणि ऋणको व धनको ह्यांना समोरासमोर बसविणारी मंडळे निघाली. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, तेव्हा ग्रामीण भागात घेतल्या गेलेल्या कर्जांपैकी सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास आणि खासगी सावकारांचा वाटा शेकडा ७० च्या घरात आढळला. पुढे बँका आल्या, १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले, बचत गट आले. सावकार मात्र नाहीसा झाला नाही. त्याने काही ठिकाणी केवळ नाव आणि पोशाख बदलला.

प्राचीन शास्त्रकारांनी ह्या बाबतीत एक मर्यादा घातली होती, तिचे स्मरण येथे उचित होईल. ती मर्यादा म्हणजे दामदुप्पट. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हे तत्त्व मनूपासून चालत आले आणि पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही ते हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केले. धर्माने ऋण फेडावयास सांगितले, तसेच धनकोच्या लोभालाही कुंपण घातले. दोन्ही आज्ञा एकाच शास्त्राच्या आहेत.

आता प्रत्यक्ष गणित पाहावे. कारण कर्जाचे भय पुष्कळदा अंधारातल्या भयासारखे असते आणि दिवा लावल्यावर त्याचा आकार कळतो. उदाहरणादाखल एक पाच माणसांचे कुटुंब घ्यावे. नवराबायको, दोन मुले आणि एक वृद्ध माता. आजारपणासाठी आणि एका लग्नासाठी मिळून ६०,००० रुपयांचे कर्ज, शेकडा २ रुपये दरमहा व्याजाने. बोलताना ‘दोन टक्के’ हा शब्द अगदी किरकोळ वाटतो. पण दरमहा २ म्हणजे दरसाल २४. पहिल्या महिन्याचे व्याज १,२०० रुपये झाले. कुटुंबाने दरमहा प्रामाणिकपणे १,२०० रुपये भरले तर पाच वर्षांत ७२,००० रुपये जातील आणि मुद्दल ६०,००० जागच्या जागी उभे राहील. पुष्कळ घरांत ‘एवढे भरतो तरी फिटत नाही’ असा जो आक्रोश ऐकू येतो, त्याचे मर्म हेच आहे. ते कर्ज फेडीत नसतात, कर्जाचे भाडे भरीत असतात.

तेच कुटुंब दरमहा २,००० रुपये भरू लागले तर कर्ज ४७ व्या महिन्यात फिटते आणि एकूण सुमारे साडेब्याण्णव हजार रुपये जातात. दरमहा ३,००० भरले तर २६ व्या महिन्यात मुक्ती मिळते आणि एकूण सुमारे ७७,४०० रुपये जातात. महिन्याला १,००० रुपये अधिक काढल्याने पावणेदोन वर्षांची मानसिक पीडा टळली आणि १५,००० रुपये वाचले. ह्या एका हजाराचे सामर्थ्य एवढे मोठे आहे, हे ज्या घराला समजले त्या घराने अर्धी लढाई जिंकली.

हा हजार रुपया आणावा कोठून? येथेच किराण्याचा प्रश्न उभा राहतो आणि येथेच मोठी चूक होण्याचा संभव असतो. सामान्य समजूत अशी, की कर्ज झाले म्हणजे पोटाला चिमटा घ्यावा. प्रथम मुलांचे दूध बंद होते, मग वरण पातळ होते, मग ते नुसते हळदीचे पाणी उरते. ही काटकसर नव्हे. शरीराची झीज पुढील पावसाळ्यात तापाच्या रूपाने परत येते, दवाखान्याची पायरी चढावी लागते आणि त्यासाठी नवे कर्ज निघते. डाळ, तेल, मीठ, भाजी आणि मुलांचे दूध ह्यांना हात न लावता यादीतील इतर रकाने तपासावेत, हा पहिला नियम.

यादी तपासावयाची तर आधी यादी असावी लागते. कोणते जिन्नस किती लागतात, हे एक महिना नुसते लिहून ठेवावे. काही कापू नये, काही वाढवू नये. महिन्याअखेरीस जे दिसेल ते पुष्कळांना चकित करील. उदाहरणातील कुटुंबात घरधन्याला खर्ऱ्याची सवय असेल आणि त्यापायी रोज २० रुपये जात असतील, तर महिन्याचे ६०० झाले. हा खर्च किराण्याच्या वहीत कधीच चढत नाही. तो खिशातून परस्पर जातो आणि आळ मात्र गृहिणीच्या सढळ हातावर येतो. चहाबरोबरचे बिस्कीट, मुलांच्या हातातील चटकमटक पुड्या, शांपूच्या आणि मसाल्याच्या एकेका रुपयाच्या पुड्या ह्यांची बेरीज आणखी अडीचशे. रोज दहा रुपयांचे तेल आणि पाच रुपयांची साखर आणणाऱ्या गरिबाला तोच जिन्नस श्रीमंतापेक्षा महाग पडतो, हा बाजाराचा निष्ठुर न्याय आहे. एकदम घेण्यास पैसा नसतो, म्हणून थोडे घ्यावे लागते. थोडे घेतल्याने महाग पडते. महाग पडल्याने पैसा उरत नाही. हे चक्र भेदावयाचे तर सर्व जिन्नस एकदम रोखीने घेण्याचा हट्ट नसावा. पहिल्या महिन्यात केवळ तेल, दुसऱ्या महिन्यात तेल आणि डाळ, तिसऱ्यात साखर, अशा क्रमाने एकेक जिन्नस उधारीतून सोडवून घ्यावा.

उधारीच्या दुकानाविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गावचा किराणा दुकानदार हा शत्रू नव्हे. रात्री-अपरात्री त्याच्याच दारातून गूळ आणि सुंठ मिळते, आणि त्याचाही माल नागपूरच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर आलेला असतो. परंतु ज्या घराची वही त्याच्यापाशी आहे, त्या घराला भाव विचारण्याचा अधिकार उरत नाही, हेही तितकेच खरे. उधारी थकलेली गृहिणी दुकानात गेली म्हणजे काटा पाहत नाही. ती खाली पाहते. त्या खाली गेलेल्या नजरेची किंमत कोणत्याच वहीत लिहिलेली नसते. म्हणून मागील बाकी वेगळी लिहून घ्यावी, ती दरमहा ठरावीक रकमेने फेडण्याचा शब्द द्यावा आणि नवा जिन्नस रोखीने घ्यावा. बहुतेक दुकानदार हा तोडगा आनंदाने मान्य करतील. कारण बुडत्या बाकीपेक्षा येणारी बाकी त्यालाही हवी असते.

शासकीय तरतुदींचाही ह्यात उपयोग आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. पाच माणसांच्या घराला २५ किलो धान्य हा लहान आधार नव्हे. ते कमी प्रतीचे म्हणून अर्ध्या किमतीत विकून टाकावे आणि दुकानातून उधारीने दुसरे आणावे, ही प्रथा काही ठिकाणी दिसते. कर्ज असलेल्या घराने तरी तिच्यापासून दूर राहावे. तांदूळ निवडून घ्यावा, गव्हात थोडी घरची ज्वारी मिसळावी. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला हे पदार्थ ह्या मातीत पूर्वीपासून आहेत. त्यांना गरिबीचे अन्न म्हणून हिणविण्याचे कारण नाही.

आता ज्या गोष्टीविषयी घरोघरी मौन पाळले जाते, तिचा उल्लेख करणे भाग आहे. किराणा कमी पडला तर तो कोणाच्या ताटात कमी पडतो? घरधनी कामावर जातो म्हणून त्याला पोटभर. मुले लहान म्हणून त्यांना. सासूबाई वृद्ध म्हणून त्यांना. सर्वांच्या मागून जेवणारी जी एक आहे, तिच्या वाट्याला भाकरीचा तुकडा आणि मिठाचा खडा. ‘मला आज भूक नाही’ हे वाक्य कर्जबाजारी घरांत किती मायमाउल्यांनी किती वेळा उच्चारले असेल, ह्याची गणती करता येणार नाही. कर्ज काढताना तिचा सल्ला विचारला गेला नव्हता. फेडताना मात्र पहिला हप्ता तिच्या ताटातून जातो. अशा रीतीने फिटलेल्या ऋणाच्या जागी दुसरे ऋण उभे राहते आणि ते फेडावयास पैसा उपयोगी पडत नाही. म्हणून ज्या घराला कर्ज फेडावयाचे आहे, त्या घराने एक नेम करावा: फेड होईपर्यंत सर्वांनी एकाच वेळी, एकत्र बसून जेवावे. जे असेल ते समोर मांडावे. सर्वांचे ताट एकमेकांना दिसू लागले, की वाटणी आपोआप न्यायाची होते. ह्या नेमाला एक पैसाही लागत नाही.

सणवार आणि कुळाचार ह्यांविषयी विदर्भभूमीतीलच एका महापुरुषाने जन्मभर जे सांगितले, त्याहून अधिक स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही. संत गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. लहानपणी ते मामाच्या घरी वाढले आणि मामाची शेती सावकाराच्या फासात सापडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. म्हणूनच १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांच्या कीर्तनांत ऋण काढून सण करू नये, लग्नात उधळपट्टी करू नये, देवाच्या नावाने कर्ज करू नये, हे विषय पुन्हापुन्हा येत राहिले. स्वतः हाती झाडू आणि डोक्यावर गाडगे घेतलेल्या पुरुषाने हे सांगितले, म्हणून लोकांनी ते ऐकून घेतले. त्यांचा उपदेश आज ह्या व्यासपीठावरूनही तितक्याच स्पष्टपणे उच्चारला गेला पाहिजे. कोणत्याही मठाला, मंदिराला अथवा यात्रेला भक्ताने कर्ज काढून वर्गणी द्यावी, अन्नदानाची पंगत उधारीने घालावी, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. ज्याच्यावर कर्ज आहे त्याने सेवा हातांनी करावी. अंगण झाडावे, पंगतीत वाढावे, पाणी भरावे. कर्ज फिटेपर्यंत नवस पुढे ढकलला तर देव रागावत नाही.

ह्याच संदर्भात तुकोबांच्या चरित्रातील एक प्रसंग नव्याने पाहण्यासारखा आहे. देहूच्या ह्या वाणी कुळाचा धंदा दुष्काळात बुडाला, घरात अन्नावाचून मृत्यू झाला. पुढे विरक्ती आली तेव्हा लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु परंपरा असेही सांगते, की सर्व खते त्यांनी बुडविली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा ह्यांच्या वाट्याची अर्धी खते त्यांना वेगळी काढून दिली आणि केवळ स्वतःच्या वाट्याची नदीला अर्पण केली. दुसऱ्याच्या हिश्शावर औदार्य करण्याचा अधिकार विरक्तालाही नाही, एवढा सूक्ष्म विवेक त्या कृतीत आहे. सावकाराचे देणे डोक्यावर असताना जो गावजेवण घालतो, तो वस्तुतः सावकाराच्या आणि स्वतःच्या मुलांच्या वाट्याचे दान करीत असतो. त्या दानाचे पुण्य त्याच्या पदरी कसे पडावे?

कर्जे अनेक असतील तर कोणते आधी फेडावे, हाही विचार करावा लागतो. सामान्यतः ज्याचा तगादा मोठा त्याला आधी पैसे दिले जातात. शास्त्रशुद्ध मार्ग असा, की सर्वांचे किमान हप्ते चालू ठेवून, उरलेला प्रत्येक रुपया सर्वाधिक व्याजाच्या कर्जाकडे वळवावा. बँकेचे पीककर्ज मात्र मुदतीच्या आत भरण्याची विशेष दक्षता घ्यावी. कारण ३ लाखांपर्यंतच्या ह्या कर्जावर मुदतीत फेडणाऱ्याला व्याजात जी सवलत मिळते, ती मुदत चुकताच हातची जाते. छोटी कर्जे देणाऱ्या वित्तसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घातले. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत, मुदतीपूर्वी कर्ज फेडणाऱ्याकडून दंड घेऊ नये आणि वसुलीसाठी धाकदपटशा करू नये, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. हे नियम ठाऊक असलेली गृहिणी वसुलीच्या माणसासमोर निराळ्या धैर्याने उभी राहते. अडीनडीला पुन्हा सावकाराचे दार ठोठावण्याऐवजी बचत गटाचे साहाय्य घ्यावे. तेथील व्याजही शेवटी गटातील भगिनींच्याच पदरात पडते.

आणि कितीही ओढाताण असली तरी रोजच्या स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकावे. आपल्याकडे मुष्टिधान्याची ही रीत जुनी आहे. महिन्याअखेरीस सव्वा-दीड किलो धान्य जमते. रक्कम म्हणून ते क्षुल्लक आहे. पण अनपेक्षित पाहुणा आला, मजुरी दोन दिवस बुडाली, तर दुकानाची पायरी चढावी लागत नाही. नवे कर्ज पुष्कळदा अशाच दोन दिवसांच्या फटीतून घरात शिरते.

शेवटी हिशेबाच्या वहीविषयी. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथमहाराज हिशेब लिहीत. एका रात्री एका पैची चूक लागत नव्हती. परंपरा सांगते, की रात्रभर दिव्याशी बसून त्यांनी ती शोधली आणि सापडताच आनंदाने टाळी वाजविली. गुरूंनी ते पाहिले आणि जाणले, की जो एका पैसाठी एवढा एकाग्र होतो, त्याचे चित्त परमार्थात लावले तर तो काय साधणार नाही! त्यांनी त्या हिशेबाला क्षुद्र म्हटले नाही. त्या एकाग्रतेतच त्यांना शिष्याची योग्यता दिसली.

पांढुर्ण्याच्या एखाद्या गल्लीत, सौंसरकडच्या एखाद्या खेड्यात, आज रात्री मुले निजल्यावर कोणी माउली चुलीजवळ बसून शाळेच्या जुन्या वहीच्या मागल्या पानावर तेल, डाळ, मीठ आणि हप्ता ह्यांची बेरीज मांडीत असेल. ती बेरीज जुळत नसेल. ती पुन्हा मांडीत असेल. तिच्या शेजारी त्या घरच्या कर्त्या पुरुषाने जाऊन बसावे आणि आपल्या खिशातील खर्च स्वतःच्या तोंडाने तिला सांगावा. लक्कम्माचा शब्द ऐकून मारय्या जसा जादा तांदूळ परत टाकावयास निघाला, तसे त्याने वागावे. मठाच्या ह्या वर्धापन-दिनी प्रत्येक कर्जदार भाविकाने एवढाच संकल्प सोडला आणि पुढील वर्धापनापर्यंत पाळला, तर त्या वर्षी देवापुढे लागणारा दिवा उधारीच्या तेलाचा नसेल.

सर्वांच्या घरच्या कोठ्या भरलेल्या राहोत आणि वह्यांतील बाक्या पुसल्या जावोत, हीच गुरुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥